बेसचे झिजलेले फ्रेट आणि कडेची दीड मिलिमीटरची पट्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जॅझ बेसच्या घडणीचा चार तारांचा बेस गिटार, शिसवी फ्रेटबोर्ड, दोन्ही कडांना पांढरं बाइंडिंग, म्हणजे प्लास्टिकची पट्टी, आणि बोर्डात जडवलेले मोतिया रंगाचे चौकोनी ब्लॉक. पहिल्या सात फ्रेटांवर, म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारांनी चर पाडलेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर सगळ्यात बारीक, G (जी) सुराची तार खरखरते. एका दुकानदाराने सांगितलं, बाइंडिंगवाल्या नेकचे (वाद्याच्या मानेचे) फ्रेट बदलता येत नाहीत, नेकच नवा घ्या. दुसरा म्हणाला, बाइंडिंग उचकटून फ्रेट बसवू आणि मग परत चिकटवू. यातलं कोणाचं ऐकायचं, हे घरी जमेल का, आणि बदलायचेच तर स्टीलचे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही ऐकू नका. बाइंडिंग जागेवर ठेवूनच फ्रेट बदलतात. काम साध्या नेकपेक्षा किचकट आहे, वेळ बराच जास्त लागतो, म्हणून दुकानं टाळतात. न जमणारं मात्र नाही. बाइंडिंग काढायच्या फंदात तर अजिबात पडू नका. ती पट्टी लाकडाच्या कडेला चिकटवून वरून पॉलिश मारलेलं असतं. उचकटली की नेकच्या बाजूचं पॉलिश टवके उडून निघतं, पट्टी वाकते किंवा तुटते, परत बसवताना तसूभर सरकते, आणि फ्रेटची जागा दाखवणारे बाजूचे ठिपके, जे त्या पट्टीतच भोक पाडून भरलेले असतात, ते जागचे हलतात. एका दुरुस्तीसाठी चार दुरुस्त्या मागे लागतात.

मुळात अडचण कुठे आहे ते बघा. फ्रेटचे दोन भाग. वर दिसतो तो गोल माथा आणि खाली लाकडाच्या खाचेत रुततं ते पातं, ज्याला टँग म्हणतात. टँगच्या दोन्ही अंगांना बारीक दाते असतात, ते लाकडात अडकून फ्रेटला धरून ठेवतात. साध्या नेकमध्ये खाच या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार असते, त्यामुळे फ्रेट थोडा लांब कापायचा, ठोकायचा, बाहेर आलेलं टोक छाटायचं, झालं. बाइंडिंगच्या नेकमध्ये खाचेच्या दोन्ही तोंडांवर प्लास्टिकची पट्टी उभी असते. साधारण दीड मिलिमीटर जाड. तिथे टँगला शिरायला जागा नाही, पण माथा मात्र पट्टीवरून बाहेरच्या कडेपर्यंत जायला हवा, नाहीतर G (जी) तार फ्रेटच्या टोकावरून घसरेल. म्हणजे प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही टोकांना माथा तसाच ठेवून खालचा टँग तेवढा कापायचा. सगळं कौशल्य त्या दोन टोकांत आहे. मधला फ्रेट कोणीही बसवेल.

तिकडे वळण्याआधी एक गोष्ट नक्की करा: फ्रेट खरंच बदलायचेत का? खरखर म्हणजे झीज, असं लोक धरूनच चालतात. G (जी) तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने, म्हणजे तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, दाबा, नेक जिथे बॉडीला जुळतो तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट आहे ते फीलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातळ पत्र्यांनी) बघा. बेसला ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. फटच नसेल तर नेक सरळ किंवा मागे वाकलेला आहे, आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या पोटातली त्याचा बाक ठरवणारी सळी, थोडा सैल केला की तुमची अर्धी खरखर तिथेच जाईल. आपल्या नागपुरात हे वर्षातून दोनदा बघावं लागतं. मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, लाकूड वाळतं. जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. त्यात कूलर. ज्या खोलीत कूलर दिवसभर चालतो आणि बेस त्याच्या वाऱ्यात स्टँडवर उभा असतो, तिथल्या नेकला उन्हाळ्यातही पावसाळाच असतो. रात्री कूलर बंद केला की परत कोरडं. बाहेरून आलेला नेक वाकडा दिसला की मी आधी कूलर कुठे आहे ते विचारतो.

दुसरी तपासणी सैल टोकांची. बाइंडिंगवर टेकलेल्या टोकाखाली टँग नसतो, त्यामुळे ते टोक वर्षानुवर्षांनी किंचित उचललं जातं. खरखरणाऱ्या नोटेच्या पुढच्या फ्रेटचं टोक लाकडी काडीने दाबून धरा आणि तीच नोट वाजवा. आवाज साफ झाला तर तो फ्रेट झिजलेला नाही, सुटलेला आहे. पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वर लाकडाचा तुकडा ठेवून क्लॅम्प, आणि काम संपलं.

या दोन्हीतून खरखर राहिलीच, तर मापं घ्या. मध्यम आकाराचा नवा फ्रेट लाकडापासून १.१ ते १.४ मिलिमीटर उंच असतो. सगळ्यात खोल चराच्या तळाशी किती उंची उरली ते मोजा. ०.८ किंवा त्याहून जास्त उरली असेल तर फ्रेट बदलू नका. सगळे फ्रेट एका पातळीत घासून, माथे पुन्हा गोल करून, पॉलिश करून अजून काही वर्षं निघतील. ०.६ च्या खाली गेलं असेल तर घासायला धातूच उरत नाही, बोट लाकडाला घासतं आणि बदलणं भाग आहे. मधल्या पट्ट्यात वाजवणाऱ्याच्या हातावर ठरतं. जोरात दाबणाऱ्याला, स्लॅप करणाऱ्याला (अंगठ्याने तारा आपटून वाजवणाऱ्याला) उंच फ्रेट लागतात. हलक्या हाताने फिंगरस्टाइल वाजवणारा ०.७ वर खूश असतो. बेसवर गिटारसारखं तार ओढून सूर चढवणं फारसं होत नाही, म्हणून गिटारवाल्यांच्या मापाने बेस मोडीत काढू नये.

तुमचे पहिले सातच फ्रेट गेलेत म्हणता. मग आठव्यापासून पुढे एक मिलिमीटर किंवा जास्त उंची शिल्लक असेल तर माझा कल फक्त सात बदलण्याकडे आहे. नवे सात थोडे उंच बसतील, ते घासून आठव्याच्या पातळीला आणायचे. अट एवढीच की नवे फ्रेट ज्या धातूच्या तारेतून कापायचे ती जुन्या फ्रेटच्या रुंदीची हवी, नाहीतर डोळ्याला आणि बोटाला सांधा जाणवतो. जुन्या फ्रेटची रुंदी कॅलिपरने मोजा. बेसवर बहुधा २.३ किंवा २.८ मिलिमीटरच्या जवळपास निघते. पूर्ण नेक करायचा असला तरी वीस फ्रेटांना दीड मीटर फ्रेटची तार पुरते. दोन मीटर घ्या, कारण बाइंडिंगच्या कामात पहिले काही तुकडे वाया जातातच.

आता तुमचं बाइंडिंग कोणत्या जातीचं आहे ते बघा. भिंगातून फ्रेटचं टोक निरखा. धातूचा माथा पट्टीवर चढून बाहेरच्या कडेपर्यंत गेला असेल तर उत्तम. नवे फ्रेटही तसेच बसतील. काही नेकमध्ये माथा पट्टीच्या आतच थांबतो आणि पट्टीचाच छोटा उंचवटा फ्रेटच्या टोकाला टेकलेला असतो. गिब्सनच्या लेस पॉल गिटारींवर हे पूर्वापार दिसतं. तिथे कारखान्यात आधी फ्रेट बसवतात, मग पट्टी चिकटवतात, आणि पट्टी खरवडून फ्रेटांच्या मधली खाली घेतात, टोकांशी तेवढे उंचवटे राहतात. अशा नेकवर फ्रेट बदलताना ते उंचवटे वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. वाचवलेच तरी नव्या फ्रेटच्या उंचीशी जुळत नाहीत. मी ते खरवडून पट्टी सपाट करतो आणि नवा फ्रेट वरून नेतो. मूळपणाला जपणाऱ्या संग्राहकाला हे चालणार नाही, म्हणून गिऱ्हाईकाला आधी विचारतो. वाजवणाऱ्याचा मात्र फायदाच होतो: फ्रेट दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जास्त लांब मिळतो.

पट्टीचं प्लास्टिकही ओळखून ठेवा. आजकाल बहुतेक एबीएस असतं. जुन्या वाद्यांवर सेल्युलॉइड. नखाएवढ्या जागी ब्लेडने खरवडलं की देवघरातल्या कापरासारखा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. सेल्युलॉइड भराभर पेटतं. एबीएस पेटायचं सोडा, शंभर अंशांच्या थोडं पुढेच मऊ पडतं. आणि ॲसिटोनने दोन्ही विरघळतात. म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, सुपरग्लू सोडवायचं द्रव, यातलं काहीही टेबलावरच नको. हात पुसायच्या फडक्यावर लागलेलं ॲसिटोनही पट्टीवर बोटाचा ठसा कायमचा उठवतं.

फ्रेट काढताना घाई नडते. नेकचे चार स्क्रू काढून तो बॉडीपासून वेगळा करा, नट, म्हणजे तारांना टोकाशी आधार देणारी खाचांची छोटी पट्टी, सांभाळा. फ्रेटबोर्डवर लॅकरचा थर असेल, जुन्या रिकनबॅकर बेसवर असतो तसा, तर फ्रेटच्या दोन्ही अंगांना धारदार ब्लेडने रेघ मारून घ्या, नाहीतर लॅकरचे पापुद्रे फ्रेटबरोबर येतात. तुमचा शिसवी बोर्ड उघडा दिसतोय, ती काळजी नाही. फ्रेटच्या माथ्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून फिरवा. थोडं सोल्डर लावलं की उष्णता नीट उतरते. जुना गोंद सैल पडतो, लाकडातला ओलावा वाफ होऊन दाते सोडवतो. पण आयर्न पट्टीपासून बोटभर लांबच ठेवा. टोकाला उष्णता धातूतून आपसूक पोचते, तेवढी पुरे. मग सपाट घासलेल्या तोंडाची पक्कड माथ्याखाली सरकवा आणि दाबत दाबत पुढे जा. उपटायचं नाही, पकडीचं तोंड मिटतं तसा फ्रेट स्वतःच वर येतो. पट्टीवरच्या टोकाशी सुरुवात करताना पक्कड पट्टीवर रेटू नका, पांढऱ्या प्लास्टिकवर तिचा वण राहतो. तिथे खाली पत्र्याचा पातळ तुकडा ठेवतात. लाकडाची कपची उडालीच तर ती तिथल्या तिथे सुपरग्लूने परत बसवा, फेकू नका.

खाच साफ करणं हे साध्या नेकमध्ये दोन मिनिटांचं काम. इथे करवत आरपार जाऊ शकत नाही, दोन्ही बाजूंना पट्टी आडवी. खाचेची रुंदी ०.५८ मिलिमीटरच्या आसपास असते. मी हॅक्सॉच्या पात्याचा बोटभर तुकडा घेऊन, बाजूंनी घासून कॅलिपरवर तेवढा पातळ केलाय आणि लाकडी मुठीत बसवलाय. तो पट्टीच्या आत मागेपुढे खेळतो. खाचेच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरकडे खास लक्ष द्या. कारखान्यात पट्टी चिकटवताना ओघळलेला गोंद नेमका तिथे भरलेला असतो. तो राहिला की टँग तळाला जात नाही, टोक वर राहतं, आणि आपण हातोडीला दोष देत बसतो. टँगची उंची मोजा, खाच त्याहून थोडी खोल हवी, टोकांपाशीसुद्धा.

बोर्ड घासायचा का? शक्यतो नाही. साध्या नेकवर मी बोर्ड रेडियस ब्लॉकने, म्हणजे बोर्डच्या गोलाईला जुळणाऱ्या ठोकळ्याने, मोकळेपणी घासतो. बाइंडिंगच्या नेकवर लाकडाबरोबर पट्टीही झिजते आणि ते मोतिया ब्लॉकही, जे मुळातच पातळ असतात. नेक ट्रस रॉडने सरळ करा, बोर्डवर स्टीलची सरळ पट्टी लावून उंचवटे बघा, दिसले तर तेवढेच काढा. पहिले सातच बदलत असाल तर बोर्डला हात लावूच नका.

आता मुख्य काम. आधी फ्रेटची तार वाकवा. बोर्डचा रेडियस, म्हणजे त्याच्या गोलाईची त्रिज्या, ९.५ इंच असेल तर तार साडेसात-आठ इंचांची वाटेल इतकी वाकवा, म्हणजे टोकं आधी टेकतील आणि मधला भाग दाबल्यावर टोकं पट्टीवर रोवली जातील. साध्या नेकमध्ये हे चांगलं असतं. इथे ते अनिवार्य, कारण टोकांना धरून ठेवायला खाली टँगच नाही. सपाट तार घालून टोकं सुपरग्लूच्या भरवशावर सोडलीत तर पहिल्या उन्हाळ्यात ती उचलतील.

मग माप. नेक नटकडे अरुंद आणि बॉडीकडे रुंद. जॅझ बेसला नटपाशी ३८ मिलिमीटर तर शेवटच्या फ्रेटपाशी साठच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक फ्रेटचं माप वेगळं, एका मापाने सगळे कापता येत नाहीत. तार प्रत्येक खाचेवर उलटी धरा, टँग वर, आणि पट्टीची आतली कड जिथे येते तिथे दोन्हीकडे बारीक खूण करा. कापायचं मात्र खुणेवर नाही, खुणेच्या थोडं आत. किती आत, हे ऋतूवर ठरतं. लाकूड आडव्या अंगाने आखडतं आणि फुगतं, धातू तेवढाच राहतो. साठ मिलिमीटर रुंदीच्या बोर्डात ऐन पावसाळा ते ऐन उन्हाळा एवढ्या काळात अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. टँग पट्टीला अगदी भिडून बसवला असेल तर मेमध्ये लाकूड आत येतं, टँग जागेवर राहतो आणि पट्टीला आतून ढकलतो. बाहेरून बाइंडिंगवर प्रत्येक फ्रेटपाशी उभी केसासारखी चीर दिसते ती यानेच. थंडीत काम करत असाल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा, पावसाळ्यात करावं लागलं तर पाऊण. पुण्या-मुंबईच्या कारागिराला एवढी जागा जास्त वाटेल, पण त्याला आपला मे महिना ठाऊक नाही.

टँग कापायला टँग निपर नावाची खास पक्कड मिळते. बाहेरून मागवावी लागते, महाग पडते. सात फ्रेटांसाठी साध्या कटरने टँगचे लचके तोडूनही भागतं. काहीही वापरा, कापल्यावर माथ्याखाली टँगचा बारीक कंगोरा उरतोच. फसगत होते ती इथे. तो कंगोरा केसाएवढा राहिला तरी फ्रेटचं टोक पट्टीवर टेकण्याऐवजी त्यावर अडतं, आणि मग कितीही ठोका. कडक लाकडाच्या ठोकळ्यात खाच पाडून फ्रेट त्यात उलटा धरा आणि सपाट कानशीने माथ्याची खालची बाजू पार गुळगुळीत होईपर्यंत घासा. स्टीलची पट्टी आडवी लावून उजेडाकडे धरा. फट दिसता कामा नये. आपल्या नागपूरच्या इतवारीत सोनारकामाची हत्यारं विकणारी दुकानं आहेत, तिथे या कामाच्या बारीक कानशी छान मिळतात. गिटारच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कानशींपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. माप लागलेले फ्रेट एका लाकडी पट्टीत क्रमाने भोकं पाडून खोचून ठेवा. टेबलावर सुटे ठेवलेत तर चौथा आणि पाचवा अदलाबदल होतो, आणि एक-दीड मिलिमीटरचा फरक नजरेला कळत नाही.

बसवताना नेकखाली वाळूची पिशवी ठेवा, बोर्डवर खाचेच्या दोन्ही बाजूंना मेण चोळा म्हणजे सांडलेला गोंद चिकटणार नाही. खाचेत थोडा गोंद. मी साधा लाकडाचा गोंद घालतो आणि टोकांखाली पट्टीवर पातळ सुपरग्लूचा थेंब, टूथपिकच्या टोकाने. आधी दोन्ही टोकं प्लास्टिकच्या किंवा पितळी तोंडाच्या हातोडीने हलकेच बसवा, मग मध्याकडे या. टोकांवर जोर लावू नका. खाली लाकूड नाही, प्लास्टिक आहे, आणि ते चेपतं. दाब देणारा प्रेस असेल तर बाइंडिंगच्या कामात तोच बरा. प्रत्येक फ्रेटवर रेडियस कापलेला ठोकळा ठेवून क्लॅम्प लावा आणि गोंद वाळेपर्यंत हात लावू नका. मी एका बैठकीत तीन-चारच फ्रेट बसवतो. काही कारागीर सगळे एकदम ठोकतात. त्यांचा वेग माझ्याकडे नाही आणि मला हवाही नाही.

टोकं छाटताना कटर पट्टीला चिकटवून लावू नका, एक मिलिमीटर बाहेर ठेवून छाटा आणि उरलेलं कानशीने आणा. पट्टीवर साधी मास्किंग टेप लावा, कडक चिकट नको. माथा पट्टीच्या बाहेरच्या कडेशी एकजीव झाला की थांबा, पुढचा प्रत्येक फटका पट्टी खातो आणि बाजूचे काळे ठिपके पुसट होतात. मग कानस तिरपी धरून टोकाला उतार द्या, साधारण ३५ अंश. जास्त तिरपं केलंत तर फ्रेटचा वाजण्याजोगा भाग कमी होतो आणि बाइंडिंगवरून फ्रेट नेण्याचा फायदाच गेला. शेवटी टोकाचे दोन कोपरे बारीक कानशीने गोल करा. हात नेकवरून वर-खाली फिरवल्यावर काही टोचायला नको.

इथे एक हमखास तक्रार येते: माथ्याच्या टोकाखाली आणि पट्टीत केसाएवढी फट राहते, आणि G (जी) तार बाजूला ओढली की त्यात जाऊन अडकते. वाजवताना तार अशी अडकली की नोट तिथेच मरते. फट बारीक असेल तर सुपरग्लू. मोठी असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करतात आणि सुईच्या टोकाने भरतात. आधी ॲसिटोन नको म्हणालो, आणि आता हे. फरक थेंबाचा आहे. ज्याचा हात बसलेला नाही त्याने सुपरग्लूवरच थांबावं.

पातळी घासणं, माथे गोल करणं, पॉलिश करणं, हे सगळं साध्या नेकसारखंच, त्यावर शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोनच गोष्टी सांगतो. माथ्यांवर मार्करने रेघा मारून घासा, म्हणजे कुठे कानस लागली ते दिसतं. आणि बोर्डवर टेप लावताना बाइंडिंगही झाका, कारण काळी धातूची भुकटी पांढऱ्या पट्टीच्या बारीक ओरखड्यांत बसली की निघत नाही. नट मात्र विसरू नका. जुना नट झिजलेल्या फ्रेटांच्या काळात खोल घासत गेलेला असतो. नवा पहिला फ्रेट उंच झाला की मोकळ्या तारा त्यावर खरखरतात आणि माणूस घाबरतो की फ्रेट चुकले. नट नवा करायचा खर्च आधीच धरून ठेवा.

स्टीलच्या फ्रेटांबद्दल. नेहमीचे फ्रेट निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल; चांदीचा त्यात कणही नाही. स्टेनलेस स्टील त्याहून बरंच कडक, राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, खडबडीत) तारांपुढे वर्षानुवर्षं टिकतं. रोज चार तास वाजवणाऱ्या, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य काढणाऱ्या बेसिस्टला मी स्टीलच सुचवतो. पण त्याच कडकपणामुळे टँग कापणं दुप्पट कष्टाचं, कानशी लवकर बोथट होतात, आणि वाकवलेली तार परत सरळ व्हायला बघते, म्हणजे पट्टीवरची टोकं उचलायचा धोका जास्त. शिवाय अर्धे स्टील आणि अर्धे निकेल असं मिश्रण बोटाला आणि कानाला वेगळं लागतं. सातच बदलताय, तर निकेल सिल्व्हरच घाला.

घरी जमेल का? सतारीचा पडदा असता तर हो म्हटलं असतं. दोऱ्याने बांधलेला असतो, सरकवून परत बांधता येतो. इथे खाच एकदा ढिली झाली की तेवढ्याच जाडीचा टँग पुन्हा धरत नाही. तुमच्या हाताला कानशीची सवय असेल, कॅलिपर वापरता येत असेल, तर आधी शिसवाच्या किंवा सागाच्या तुकड्यावर खाचा पाडा, कडेला प्लास्टिकची पट्टी चिकटवा आणि चार फ्रेट बसवून बघा. त्यातले शेवटचे दोन नीट बसले तर बेसला हात लावा. नाहीतर एखाद्या कारागिराकडे द्या, पण देताना विचारा, 'टँग किती आत कापता?' उत्तर देताना तो अडखळला तर बेस उचलून घरी आणा. बेसची किंमतच फार नसेल तर दुकानदाराचा नवा नेक घ्यायचा सल्ला हिशेबाने चुकीचा नाही, हेही सांगायला हवं. कारागिराची मजुरी आणि स्वस्त बेसची किंमत यांत कधीकधी फारसं अंतर राहत नाही. तुमचा नेक ब्लॉक आणि बाइंडिंगचा आहे, वाजवायची सवय त्याच्यावर झालीय, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दुरुस्तच केला असता.

आणि आत्ता भर पावसाळ्यात सुरुवात करू नका. दिवाळी होऊ द्या, लाकूड शांत होऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे या कामाचा हंगाम. तोवर ट्रस रॉड आणि सैल टोकं तपासा, आठव्या फ्रेटपासून पुढची उंची मोजून लिहून ठेवा, आणि स्टीलच्या राउंडवाउंड तारा काढून फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) चढवा. आवाज थोडा गोल होईल, पण उरलेल्या फ्रेटांची झीज बरीच मंदावेल.